ओंडका उचलायचा कोणी? पेठ-नाशिकच्या जंगलातील पहार, पाचर आणि चुंबळ

नुकत्याच तोडलेल्या सागाचा एक ओंडका डोळ्यांसमोर आणावा. लांबी दोन मीटर, व्यास साधारण एक फूट. दिसायला बेताचाच. ओल्या सागाचे वजन घनमीटरला सुमारे हजार किलो धरले, तर हा ओंडका १४० किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे दोन धडधाकट माणसांच्या एकत्रित वजनाइतका. तो चिखलात पडलेला आहे, त्याला मूठ नाही, कडा नाही, धरायला जागा नाही. पेठच्या डोंगरात पडलेले असे लाकूड नाशिकच्या वखारीपर्यंत पोहोचत असे, तेही मोटारट्रक येण्याच्या कितीतरी आधीपासून.

नाशिकमधील जुन्या वाड्यांचे सागवानी खांब पाहताना ते कोणत्या सरदाराने उभे केले, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. खांब जंगलातून हलला कसा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उत्तर शोधू लागले की हातात तीन-चार अगदी साध्या वस्तू येतात : लोखंडी पहार, लाकडी पाचर, दोर आणि चिंधीची चुंबळ. या वस्तूंच्या मागोमाग वनकायदा, वेठबिगार आणि मजुरीचा दर हेही येतात. हा धागा त्या सगळ्यांचा आहे.

आधी भूगोल, कारण हत्यार भूगोलाप्रमाणे ठरते. नाशिक जिल्ह्याचे दोन तोंडावळे आहेत. पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव हा कमी पावसाचा मुलूख. तिथे चुलीत बाभूळ जळते, तुराट्या-पऱ्हाट्या जळतात आणि शेणाच्या गोवऱ्या जळतात. पश्चिमेकडे पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरी हा सह्याद्रीचा भाग. मुसळधार पावसाचा, साग-ऐन-धावड्याचा. शहराला इमारती लाकूड हवे असो की सरपण, नजर पश्चिमेकडेच वळत असे. पेठहून नाशिकला यायचे म्हणजे सावळघाट चढून यायचे.

लाकूड नदीत सोडून का देत नसत? ब्रह्मदेशात तसे करीत. तिथे सागाच्या बुंध्याभोवतीची साल व बाहेरचे लाकूड वर्तुळाकार खाचून झाड दोन-तीन वर्षे उभ्यानेच वाळू देत आणि मग तोडून इरावतीच्या प्रवाहात लोटीत. ही सारी खटपट एवढ्याचसाठी की ओला साग पाण्यात बुडतो. पेठ-सुरगाण्याच्या नद्या मात्र, दमणगंगा, पार, नार, सगळ्या पश्चिमेला समुद्राकडे धावतात; नाशिक शहर घाटमाथ्याच्या दुसऱ्या बाजूला, गोदावरीकाठी आहे. नदी उलट्या दिशेने वाहते म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मलबारात आणि ब्रह्मदेशात ओंडके ओढायला हत्ती होते. महाराष्ट्रातही गडचिरोलीच्या जंगलात लाकूड ओढण्यासाठी हत्ती वापरले गेले आणि कमलापूरचा हत्ती कॅम्प हा त्याचाच अवशेष आहे. नाशिकच्या डोंगरात बैल होता, रेडा होता आणि माणूस होता.

आता त्या माणसाच्या हातातील हत्यारांकडे वळू.

पहिला निर्णय कुऱ्हाडीचा असतो : कांडके केवढे करायचे? हा निर्णय दिसतो साधा, पण पुढचे सगळे त्यावर ठरते. आखूड तुकडे केले तर एकट्याला उचलता येतात. परंतु कुऱ्हाडीचा प्रत्येक छेद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा पडतो आणि फूटभर जाडीच्या बुंध्यात प्रत्येक छेदाला चांगले वीतभर लाकूड ढलप्या होऊन उडून जाते. करवतीने तेच काम काही मिलिमीटरांत होते. सरपणासाठी ढलप्या वाया जात नाहीत, त्या चुलीतच जातात. इमारती लाकडाचे मात्र नुकसान होते. म्हणून सरपणाचे कांडके आखूड आणि वाशाचे-खांबाचे लाकूड लांब. लांब ठेवले की ते उचलता येत नाही, आणि इथे पहार लागते.

पहार म्हणजे पाच-सहा फुटांचा लोखंडी दांडा. एक टोक अणकुचीदार, दुसरे छिन्नीसारखे चपटे. शाळेतील तरफेचा धडा आठवत असेल तर हिशेब सोपा आहे. दीड मीटरची पहार ओंडक्याच्या टोकाखाली घातली आणि टोकापासून १५ सेंटिमीटरवर दगडाचा टेकू दिला, तर हाताकडची बाजू १३५ सेंटिमीटर उरते. फायदा नऊपट. ओंडक्याचे एक टोक उचलायला साधारण ७० किलोंचा जोर हवा, तो आठ किलोंत भागतो. आठ किलो म्हणजे पाण्याने भरलेली एक मध्यम कळशी. दहा वर्षांचे पोरही तेवढा जोर लावू शकते, आणि इतिहासात पोरांनी तो लावलेला आहेच.

पण फायदा नऊपट म्हणजे हालचालही नवव्या हिश्श्याची. हात फूटभर खाली गेला तर ओंडका जेमतेम बोटभर उंच होतो. तेवढ्यात दुसऱ्याने खाली पाचर सरकवायची, टेकू उंच करायचा, पुन्हा पहार लावायची. पहारीचे खरे तंत्र या टप्प्याटप्प्याच्या उचलण्यात आहे. जाणता माणूस टेकूसाठी चपटा दगड निवडतो, कारण गोल दगड निसटतो आणि पावसाळी मातीत छोटा दगड रुतून बसतो. तो उतारावर नेहमी चढाच्या बाजूला उभा राहतो. आणि पहारीवर छाती टाकून तो कधीही रेटत नाही : ओंडका अचानक कलंडला तर दांड्याचे मागचे टोक उसळून थेट हनुवटीवर येते. हे नियम शिकवणारे पुस्तक त्या काळी कोणी लिहिले नाही. ज्यांचे दात पडले त्यांच्याकडून बाकीचे शिकले असावेत.

पाचरीबद्दल मराठी भाषेने एक अन्याय केला आहे. ‘पाचर मारणे’ म्हणजे कामात खोडा घालणे, असा अर्थ रूढ झाला. पंचतंत्रातील माकडाच्या गोष्टीनेही तिला बदनाम केले : अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर माकड उपटते आणि फटीत सापडून मरते. खरे तर ती गोष्ट पाचरीच्या महत्त्वाचीच आहे. मिळवलेली फट, मिळवलेली उंची राखून ठेवणारी वस्तू म्हणजे पाचर. उचललेला ओंडका पुन्हा खाली बसू नये म्हणून पाचर आणि चिरलेले लाकूड पुन्हा मिटू नये म्हणूनही पाचरच. घणाने पाचर ठोकून ओंडका उभा फोडला की १४० किलोंचे दोन ७० किलोंचे भाग होतात, त्यांच्या पुढे चिरफळ्या होतात. न फोडता उचलण्यापेक्षा फोडून उचलणे केव्हाही स्वस्त. मात्र इमारती लाकूड फोडता येत नाही, ही त्यातली मेख. बाभळीसारख्या कठीण लाकडाची पाचर लोखंडी पाचरीपेक्षा एका बाबतीत सरस असते : घणाखाली तिचे तुकडे उडून डोळ्यांत जात नाहीत, फार तर तिचे डोके चेंदले जाते.

अवजड वस्तू लाकडाच्या तुकड्याने ताब्यात ठेवण्याचे हेच कसब रथयात्रेत दिसते. जळगावच्या रथोत्सवात रथाला वळवण्यासाठी आणि थांबवण्यासाठी चाकाखाली ‘मोगरी’ लावतात. हजारो माणसे दोर ओढत असतात, पण रथ कुठे जाईल ते मोगरी लावणारा ठरवतो.

बैलगाडीत ओंडका चढवण्याची रीत तर ऐकण्यासारखी आहे. गाडीच्या बाजूला दोन लांब बल्ल्या तिरप्या टेकवायच्या. दोराचे एक टोक गाडीला बांधायचे, दोर ओंडक्याखालून घेऊन वरून परत गाडीपलीकडे न्यायचा आणि पलीकडच्या बाजूने ओढायचे. ओंडका बल्ल्यांवरून लोळत वर येतो. गाडी मीटरभर उंच आणि बल्ल्या तीन मीटर लांब असतील, तर उतारामुळे १४० किलोंचा जोर ४७ किलोंवर येतो. दोर ओंडक्याभोवती फिरत असल्याने ओंडका स्वतःच कप्पीचे काम करतो आणि जोर आणखी निम्मा होतो, सुमारे २३ किलो. घर्षणाचे थोडे वाढवून धरले तरी दोन माणसांना सहज जमते. जहाजांवर पिंपे चढवण्यासाठी जगभरचे खलाशी हीच युक्ती वापरीत. कुणी कुणाला शिकवली हे शोधण्यात अर्थ नाही. गोल वस्तू आणि दोर जिथे आहेत तिथे ती सुचणारच.

या हत्यारांची निवड दारिद्र्यातून झाली, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. पहारीने ओंडका हलतो, खड्डा खणता येतो, दगड उपटता येतो, कुंपणाचा खांब रोवता येतो. ज्या घरात एकच लोखंडी वस्तू विकत घेण्याची ऐपत आहे, ते घर अशीच वस्तू घेणार. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा, दोर पळसाच्या मुळांच्या वाखाचा, पाचर बाभळीची : लोखंड सोडले तर बाकी सगळे रानातच उभे होते. लोखंडासाठी गावचा लोहार किंवा पाल टाकून राहणारा घिसाडी. या संचात बुद्धीची कमतरता कुठेच दिसत नाही.

मग याच सुमारास जगात इतरत्र काय चालले होते?

अमेरिकेच्या मेन प्रांतात १८५७-५८ च्या सुमारास जोसेफ पीव्ही नावाच्या लोहाराने एक हत्यार घडवले. चार-पाच फुटांचा लाकडी दांडा, टोकाला लोखंडी अणी आणि तिच्या थोडे वर बिजागरीवर हलणारा वाकडा आकडा. आकडा ओंडक्याच्या सालीत रुतवायचा आणि दांडा ओढायचा. ओंडका जागच्या जागी फिरतो. पहार ओंडका उचलते, हे हत्यार त्याला लोळवते. त्याआधी कँट हुक होता, पण त्याचा आकडा सैल कडीत लटकत असल्याने इकडेतिकडे डुलत असे. पीव्हीने तो पक्क्या खोबणीत बसवला, एवढाच बदल. हे हत्यार आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. आल्प्सच्या डोंगरात ‘सापी’ नावाचे चोचीसारख्या पात्याचे हत्यार होते. चोच लाकडात रुतवून न वाकता ओंडका ओढता येत असे आणि उतारावर त्याला दिशा देता येत असे. याशिवाय दोन पंजांचा चिमटा : ओंडका वर ओढला की त्याच्याच वजनाने घट्ट आवळणारा. तीनही हत्यारांचा हेतू एकच, माणसाची पाठ सरळ राहावी आणि बोटे लाकडाखाली जाऊ नयेत.

त्याच १८५७ च्या डिसेंबरात पेठ-हरसूल भागात भिल्ल-कोळ्यांचा उठाव झाला आणि तो मोडून काढण्यात आला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण काळ एकच होता, लाकूड दोन्हीकडे होते, लोहार दोन्हीकडे होते. मेनमध्ये जे घडले ते पेठमध्ये का घडले नाही, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

घाईचे उत्तर असे दिले जाते की इकडचे लोक मागासलेले होते. वरचा बल्ल्या-दोराचा हिशेब वाचल्यावर ते टिकत नाही. दुसरे उत्तर अधिक पटण्याजोगे आहे. मेनमध्ये मजूर दुर्मिळ होता आणि त्याला रोख मजुरी द्यावी लागे. चार माणसांचे काम दोघांत करणारे हत्यार मालकाला ताबडतोब परवडत होते. पेठमध्ये माणूस फुकट मिळत होता.

‘वेठ’ हा शब्द आता वाक्प्रचारात उरला आहे. वाहतूक बंद पडली की वर्तमानपत्रे ‘प्रवाशांना वेठीस धरले’ असे छापतात आणि बहुतेकदा ते संपकरी कामगारांबद्दल असते. मूळ अर्थ नेमका उलटा होता : सत्ताधारी, सावकार किंवा जमीनदार गरिबाला धरून नेई, मोबदला न देता किंवा नाममात्र देऊन राबवी. ओझी वाहणे हे वेठीचे नेहमीचे काम. ज्याच्या पाठीची किंमत शून्य आहे त्याच्या पाठीचे रक्षण करणाऱ्या हत्यारावर चार आणेही कोण खर्च करणार?

मराठेशाहीतील एक प्रसिद्ध मजकूर येथे आठवतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याविषयी सूचना आहेत. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली असल्याने त्यांना हात लावू नये, जीर्ण झाड तोडायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे, असा त्याचा आशय आहे. पर्यावरणाच्या संदर्भात हा उतारा वारंवार सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. त्यातला मुख्य विचार मात्र झाडाचा आणि झाडाच्या धन्याचा आहे. तोडलेले लाकूड बंदरापर्यंत वाहणारा माणूस हा त्या परिच्छेदाचा विषय नाही.

इंग्रजी अमलात लाकडाची भूक वाढली. मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली जात. १८१७ मध्ये तिथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. मलबारचा साग कमी पडू लागल्यावर लक्ष उत्तरेकडे गेले आणि १८४० च्या दशकात सुरगाण्याला लागून असलेल्या डांगच्या भिल्ल राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेण्यात आली. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. पुढे थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे चढली आणि स्लीपरांसाठीही लाकूड हवे झाले.

नाशिकच्या दृष्टीने १८७८ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी पेठच्या बेगमेचा मृत्यू झाला आणि पेठ संस्थान इंग्रजी मुलखात विलीन झाले. त्याच वर्षी भारतीय वन अधिनियम आला. जंगले राखीव झाली. या कायद्याची चर्चा करताना जमीन, चराई, शिकार यांवर भर दिला जातो. हत्यारांच्या इतिहासासाठी मात्र त्यातले जप्तीचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. वनगुन्हा घडला असा संशय असेल तर लाकडाबरोबरच त्या कामी वापरलेली हत्यारे, होड्या, गाड्या आणि गुरे जप्त करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. १९२७ च्या अधिनियमात हे ५२ वे कलम आहे आणि तो कायदा आजही लागू आहे.

याचा अर्थ जंगलकाठच्या माणसाच्या बाजूने लावून पाहावा. उद्या सरपणाला जायचे आहे. गाडी-बैल नेले आणि पकडले गेले तर गाडीही जाईल, बैलही जातील. बैल गेले की शेती गेली. कुऱ्हाड नेली तर ती पुरावा ठरेल. मग सर्वांत सुरक्षित हत्यार कोणते? जे जप्त झाले तरी नुकसान होत नाही ते. वाळक्या फांद्या ओढून पाडायला काठीला बांधलेली आकडी, फार तर एखादा कोयता, बांधायला वेल, वाहायला डोके. मोळीचा आकार घरातल्या चुलीने ठरवलेला आहे असे वाटते; कायद्यानेही तो ठरवला आहे. गाडीने जे एका खेपेत आले असते ते बाईच्या डोक्यावरून अनेक खेपांत येऊ लागले.

तिच्याजवळचे साधन म्हणजे चुंबळ. जुने लुगडे किंवा गवत पिळून केलेले कडे. ती कामे दोन करते. टाळूच्या एका बिंदूवर येणारा भार कड्याच्या रुंदीवर पसरवते आणि मोळीला बसायला खळगा देते. ओझे डोक्यावर असले की ते पाठीच्या कण्याच्या सरळ रेषेत राहते, पुढे वाकावे लागत नाही, म्हणून पाणी आणि सरपण दोन्ही डोक्यावरून येते. पुरुषांची कावड भार खांद्यावर घेते आणि दोन बाजूंना वाटते. तिच्या दांड्याला असलेल्या लवचीकपणामुळे चालताना धक्के कमी बसतात. दोन्ही साधने हुशारीची आहेत. पण दोन्हींचा टेकू माणसाचे शरीरच आहे. पहारीखाली दगड असतो, चुंबळीखाली मान असते.

राखीव जंगलात कायदेशीर तोड होत असे ती कुपांची. जंगलाचा ठरावीक तुकडा म्हणजे कूप. त्याचा लिलाव होई, ठेकेदार तो घेई आणि स्थानिक आदिवासींकडून तोडून घेई. १९३६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका आणि पेठ पेटा हे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरवण्यात आले. अशा क्षेत्रांची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने सिमिंग्टन या अधिकाऱ्याला नेमले. त्याच्या अहवालात सावकारी, वेठ आणि ठेकेदारांकडून होणारी मजुरांची पिळवणूक यांचे चित्र आहे. सरकारी अधिकाऱ्याने सरकारसाठी लिहिलेला हा दस्तऐवज असल्याने त्याचे वजन वेगळे आहे.

अहवालाने वेठ थांबली नाही. ती थांबवण्यासाठी माणसे उभी राहावी लागली. सह्याद्रीच्या पश्चिमेला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव-डहाणू भागात, १९४५ मध्ये वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली वेठीला नकार दिला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. गवतकापणीच्या आणि पुढे जंगलतोडीच्या मजुरीच्या दरांसाठी संप झाले, तालवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकांना परिचित आहे. वारली समाज पेठ-सुरगाण्यातही राहतो. डोंगराची रेघ जिल्ह्यांना वेगळे करते, नातेवाइकांना नाही.

१९४७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने जंगल कामगार सहकारी सोसायट्यांची योजना सुरू केली. ठेकेदाराला वगळून कूप थेट मजुरांच्या सोसायटीला द्यायचा, ही कल्पना. पुढच्या वर्षी सुरगाणा संस्थान विलीन होऊन नाशिक जिल्ह्याला जोडले गेले आणि हा सगळा जंगलपट्टा एका व्यवस्थेखाली आला. सोसायट्यांचा पुढचा इतिहास सरळ नाही. पुष्कळ ठिकाणी ठेकेदार मागच्या दाराने आले, अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. पण एक गोष्ट बदलली. ओंडका उचलण्याला दर आला, आणि दर आल्यावरच ‘कमी माणसांत, कमी दुखापतींत हे कसे होईल’ हा प्रश्न कागदावर मांडण्यात अर्थ निर्माण झाला.

तो प्रश्न १९६० च्या दशकात प्रत्यक्ष मांडला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने देशात लाकूडतोड प्रशिक्षणाचा प्रकल्प सुरू झाला आणि सुधारित करवती, आकड्याचे दांडे, सापी यांची ओळख करून देण्यात आली. पीव्हीच्या लोहारकामानंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्या जातीचे हत्यार भारतीय जंगलमजुराच्या हाती ठेवले जात होते. त्याचा प्रसार मात्र बेताचाच झाला. ट्रक आले, यांत्रिक करवती आल्या आणि १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगलाकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहण्याचा दृष्टिकोनच मागे टाकला. हत्यार पोहोचेपर्यंत काम आटत गेले होते.

शहरात ओझ्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. डोक्यावर, म्हणजे माथ्यावर, ओझे वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. मालक रोज बदलणाऱ्या मजुराला नोंदणी, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मंडळामार्फत मिळावा, ही त्याची रचना. नाशिकमध्येही असे मंडळ आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका माणसाने वाहायच्या कमाल वजनाविषयी १२७ क्रमांकाचा करार संमत केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा आहे. स्त्रियांसाठी तो त्याहून बराच कमी असावा, असे म्हटले आहे. भारताने या कराराला २०१० मध्ये मान्यता दिली. आरंभी डोळ्यांसमोर आणलेला ओंडका या मापाने तिघांचा ठरतो.

हे संरक्षण जिथे नोकरीचा काही मागमूस लागतो तिथपर्यंत पोहोचले. मोळी विकणाऱ्या बाईला मालक नाही, व्यापारी नाही, हजेरीपट नाही. ती स्वतःचे लाकूड स्वतः विकते, त्यामुळे कायद्याच्या भाषेत ती कुणाचीच कामगार नाही. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचे सिलिंडर पाड्यांवर पोहोचले, पण रिकामे सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि सरपणाला श्रम. पेठ आणि त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यांवर मोळ्या घेतलेल्या बायका आजही दिसतात.

वखारीत आता विजेवरची पट्टीकरवत फिरते. ओंडका तिच्या पाटापर्यंत आणण्याचे काम मात्र पहार, पाचर आणि दोन माणसेच करतात. पहार भिंतीला टेकवलेली असते, टेकूचा दगड झिजून गुळगुळीत झालेला असतो. येणारे लाकूड काट्यावर चढते आणि जाणारेही. मोळी काट्यावर चढत नाही, तिचा भाव नगावर ठरतो.